दहाव्यापर्यंतचा ठिपका

बाई, नकाशावरचा तुमचा ठिपका आज काढून टाकायचा आहे, आणि मी सकाळपासून बाकीची सगळी कामं उरकत बसले आहे. कीबोर्ड पुसला. चहा केला, तो उतू गेला, पुन्हा केला. पुलाजवळची पाण्याची पातळी बघितली, थोड्या वेळानं परत बघितली. ती उतरतेच आहे, माझ्या बघण्यानं तिला काही फरक पडत नाही. खाली पेठेत भिजलेल्या हळदीची पोती उन्हात पसरलीत, त्यांचा उग्र वास जिन्यानं वर येतोय. नकाशा समोर उघडा आहे. नदीच्या वळणावर, पेरूच्या बागेमागं, एक हिरवा ठिपका. त्यावर बोट ठेवलं की छोटी चौकट उघडते. नाव: शैलाबाई. घर: तळमजला. अडचण: श्वासाचं यंत्र लागतं. स्थिती: सुखरूप बाहेर काढलं.

काल तुमचा दहावा झाला.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तर हा नकाशा माझ्या गळ्यात मारलात. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय आज माझं बूड खुर्चीला टेकणार नाही, आणि माझं पहिल्यापासून ऐकून घेणाऱ्या तुम्हीच होता. मी तेव्हा प्लॉटवाल्यांचे नकाशे करायचे. मोजणीच्या फाइली यायच्या, नुसते आकड्यांचे ढीग. त्यांतून स्क्रीनवर रस्ते, बांध, ओढे उभे करायचे, आणि कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडेल असं करून द्यायचं. मोठा पूर येऊन गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही हा जिना धापा टाकत चढून आलात. फलटणची शाळा सुटल्यावर मी तुम्हाला पहिल्यांदाच बघत होते. निवृत्त होऊन तुम्ही सांगलीला, यजमानांच्या घरी, नदीकाठी राहायला आलाय हेही मला ठाऊक नव्हतं. कशी आहेस, लग्न केलंस का, तुम्ही काही विचारलं नाही. स्क्रीनकडे बघितलंत.

"ह्या चौकोनांत माणसं न्हाईत व्हय गं?"

"ही विकायची जागा आहे, बाई. माणसं नंतर येतील."

"मग आमच्या वस्तीचा कर. तिथं माणसं आधीच आल्यात."

पुरात बोटी होत्या, बोटींवर जीव धोक्यात घालणारी माणसं होती. पण कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, हे त्यांना कळायचं कसं? ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याकडे बोट आधी गेली. मागच्या गल्लीत एक आजी माळ्याच्या फळीवर बसून राहिल्या, शेवटची बोट येईपर्यंत. वाचल्या, पण ते तुमच्या मनातून गेलं नाही. म्हणून आपला नकाशा. एक ठिपका म्हणजे एक असं माणूस, जे पाणी आलं की आपल्या पायांनी बाहेर पडू शकणार नाही. लाल म्हणजे अजून घरात, हिरवा म्हणजे सुखरूप. बोटीवरच्या माणसानं मोबाइलवर ठिपका दाबायचा, अडचण वाचायची आणि नाव तिकडं वळवायची. सांगायला सोपं. करायला आपला अख्खा उन्हाळा गेला आणि माझी प्लॉटवाली दोन कामं.

सुरुवातीलाच मी तुमची वस्ती हरवली, आठवतं? तुम्ही दारोदार जाऊन मोबाइलवर घराघराची जागा टिपून आणली होतीत, आधी अक्षांश, मग रेखांश. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना तुम्ही तसंच शिकवलेलं. नकाशाच्या फाइलीला मात्र रेखांश आधी लागतो. मी न बघता आकडे भरले, नकाशा उघडला, आणि आपली सगळी घरं नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात जाऊन पडली. तुम्ही चष्मा लावून वाकून बघितलंत.

"घरं तर आपलीच दिसत्यात. नदी कुठाय?"

"बाई, आपण उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागलोय."

तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. पाणी प्यालात आणि लगेच बाई झालात. "अक्षांश आधी, रेखांश नंतर. फाइल चुकली."

"फाइल चुकत नाही. तिचा तसा नियम आहे."

"मग नियम चुकला."

पुढंही प्रत्येक नव्या घराची जागा तुम्ही तुमच्याच क्रमानं लिहून पाठवलीत, आणि मी न बोलता उलटी करून घेतली. ह्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. परवा एक घर भरताना माझ्या हातून तुमचाच क्रम पडला. घर बर्फात गेलं. मी हसायला तोंड उघडलं, आणि ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

मग आपण पाण्याची पट्टी केली. पट्टी बोटानं सरकवली की पुलाजवळची पातळी वाढते आणि नदीचा निळा रंग काठ सोडून गल्ल्यांत शिरतो. कुठलं घर कितव्या फुटाला पाण्यात जाणार, ते दिसतं. उंचीची फाइल उपग्रहावरून घेतलेली. त्यानं उभ्या उसालाच जमीन मानलं. त्यामुळं नकाशात तुमच्या मागचं खोलगट रान टेकडीसारखं वर, कोरडं. सुभेदारांनी बघितलं. तुमच्या यजमानांना सगळं गाव सुभेदार म्हणतं, तुम्हीसुद्धा. हात मागं बांधून, ताठ उभं राहून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आमचा ऊस एवढा चढाला कवा गेला?" मग आपण दोघी सगळ्या शिवारातला ऊस उंचीतून वजा करत बसलो.

समाजमंदिरात बायकांना दाखवायला नेलं तेव्हाची तऱ्हा तर कुणाला सांगून खरी वाटत नाही. एकेक बाई पुढं यायची, पट्टी सरकवून पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायची आणि घाबरून मागं न्यायची. एक आजी तर पाणी सारखं खाली नेत राहिल्या. "उतरव गं बाई, उतरव, चुलीपाशी आलं." मी म्हणाले, आजी, हे खरं पाणी नाही. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय. म्हून तर उतरतंय."

ठिपके मात्र कुणी देईना. आपल्या घरात परावलंबी माणूस आहे हे लाल रंगात कोण लावून घेणार? "आमच्या म्हातारीला कशापायी लाल करताय? चांगली हिंडतीया की." ती म्हातारी वर्षभर उंबऱ्याबाहेर आली नव्हती. चार घरं अशी झाल्यावर तुम्ही भर रस्त्यात थांबलात आणि म्हणालात, "पहिला ठिपका माझा लाव."

तेव्हा तुमचे नुसते गुडघे कुरकुरायचे. बाकी तुम्ही मला दमवत होता. मी भांडले. "बाई, तुम्ही चालता, फिरता. खोटी माहिती भरायची नाही. एक खोटा ठिपका असला की सगळा नकाशा खोटा होतो."

"राहू दे."

"राहू दे काय? बोट तुमच्या दारात येईल आणि तुम्ही भाजी निवडत बसलेल्या असाल."

"मग भाजी घेऊन बसंन बोटीत. राहू दे."

बाईच लाल झाल्यात म्हटल्यावर वस्ती बोलती झाली. आठवडाभरात एवढे ठिपके आले की मला ते बारीक करावे लागले, नुसतंच लालेलाल दिसायला लागलं होतं. तुमचा ठिपका खोटाच राहिला, दोनेक वर्षं. मग तुमची छाती भरायला लागली, घरात यंत्र आलं, आणि मी एक दिवस मुकाट्यानं तुमच्या चौकटीत 'गुडघे' खोडून 'श्वास' लिहिलं. तुम्ही फोनवर विचारलंत, "आता झाला का खरा?" मी फोन ठेवला.

ह्या 'राहू दे'नं तुम्ही मला जन्मभर छळलंत. फलटणच्या शाळेत वऱ्हांड्याच्या भिंतीवर गावचा रंगवलेला नकाशा होता. कारखाना होता, बाजार होता, देवळं होती. आमची वस्ती नव्हती. वस्तीच्या जागी पाटबंधाऱ्याचा कालवा थोडा फुगवून दाखवला होता. मी ते तासाला बोलले, आणि तुम्ही माझ्या हातात ब्रश दिलात. "काढ." बाकीच्यांची घरं कुणीतरी काढून दिली होती, माझं मलाच काढायला लावलंत, हा राग मला कित्येक वर्षं होता. तुम्ही हे चांगुलपणानं केलंत की कंटाळ्यानं, हे विचारायचं होतं आणि ते राहून गेलं. मी रागारागानं विहार काढला, वडाचा पार काढला, आमच्या दोन्ही आळ्या काढल्या. सगळी वस्ती बाजारापेक्षा मोठी झाली. तुम्ही मागं उभ्या राहून बघितलंत. "प्रमाण चुकलंय," म्हणालात. मी पुसायला फडकं घेतलं. "राहू दे," म्हणालात.

मी नकाशे करते ते त्या भिंतीमुळं, बाई. हेही कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही प्रमाण चुकल्याचंच परत काढलं असतं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. नकाशावरचं पहिलं माणूस गेलं, पलीकडच्या गल्लीतले अर्धांगवायूचे तात्या, तेव्हा तुम्ही इथंच बसला होता. मी फोन ठेवला आणि ठिपका काढायला निघाले. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात.

"दहावा होईस्तवर राहू दे."

"बाई, ते गेले."

"गेले. पण दिवा हाय की घरात."

तुम्ही मला समजावून सांगितलंत, मी काही परदेशातून आलेली असल्यासारखं. माणूस जिथं गेलं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही. घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ बसतं, आणि ते माणूस काही झालं तरी घर सोडत नाही. पाणी आलं तरी.

"मग त्या माणसाच्या नावानं ठिपका लावू," मी म्हणाले. "जे खरं आहे ते लिहू."

"धडधाकट माणूस लावू देईल? सुभेदारांचा लावून दाखव बघू."

ते मला माहीत होतं. सुभेदारांना कुणी हात धरून रस्ता ओलांडून दिला तर ते परत मागं जाऊन एकटे ओलांडतील. पण मी इरेला पेटले होते. आमच्या घरात आजोबांच्या काळात धम्म आला, तेव्हापासून दहावा नाही, पिंड नाही. वडील गेले तेव्हा आम्ही वंदना घेतली, पुण्यानुमोदनाचा दिवस ठरवला, आणि आई लगेच कामावर गेली. दुःख कमी नव्हतं. मी हे सगळं तुमच्या तोंडावर बोलले. म्हणाले, "बोटी मोजक्या असतात, बाई. मेलेल्या माणसाकडं बोट पाठवायची आणि जित्यानं वाट बघत बसायचं?"

तुम्ही खिडकीतून खाली बघितलंत, आणि तुमचं ठरलेलं एक वाक्य होतं ते म्हणालात. मी राहू दिला. पटलं म्हणून नव्हे, तुम्ही माझ्या बाई होता म्हणून. तेव्हापासून तोच नियम झाला. माणूस गेलं की ठिपका दहाव्यापर्यंत ठेवायचा, मग काढायचा. नशिबानं पावसाळ्यात तशी वेळ कधी आली नाही, त्यामुळं बरोबर कोण हेही ठरलं नाही.

शेवटचं तुम्हाला भेटले तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होता. यंत्राची घरघर चालू. चार शब्द बोलून थांबत होता. वडूजचं बोलत होता, तुमच्या माहेरचं, टँकरमागं घागर घेऊन पळायचात ते. "दुष्काळात जन्मले, आणि दिली कुठं, तर पुरात." मग म्हणालात, "फाइल ताजी ठेव." मग, "सुभेदारांचं तेवढं..." आणि तेवढ्यात सुभेदार दूध घेऊन आत आले. तुम्ही बोलणं बदललंत. तेवढं काय, बाई? त्यांना जेवायला घालू? त्यांना वडूजला धाडू? त्यांच्याशी बोलत राहू? मी ते वाक्य रोज वेगवेगळं पुरं करून बघते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा वर साताऱ्याकडं धरणं भरत आली होती. वडूजची माणसं आली, पोहोचवून झाल्यावर सुभेदारांनीच त्यांना घालवून दिलं. "रस्ते बंद व्हायच्या आत निघा." तुम्हाला मूल नाही, अग्नीही त्यांनीच दिला होता. मग ते एकटे तुमच्या खोलीत दिव्याजवळ बसले, आणि धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली.

वस्तीतून रिक्षा कर्णा लावून फिरली. बहुतेक सगळे निघाले. मी सुभेदारांना फोन केला.

"आवं, तुम्ही माझी काळजी करू नका. पलटणीत मी लोकांना पोहायला शिकवलंय."

"दिवा घेऊन इकडं या ना, सुभेदार."

"दिवा हलवत न्हाईत." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी उंचावरच्या शाळेत मदतीचं केंद्र उघडलं. एका वर्गात मी लॅपटॉप घेऊन बसले. बोटी जात होत्या, येत होत्या, लाल ठिपके हिरवे होत होते. बाई, नकाशा चालला. तुमच्या बर्फातून आणलेल्या घरांपर्यंत बोटी सरळ गेल्या, कुणाला विचारावं लागलं नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर पेरूच्या बागेमागं, तिथून हलेना. मी खुर्चीवरून उठायची, बसायची, पाणी न पिता ग्लास भरून ठेवायची. पाण्याची पट्टी तुमच्या उंबऱ्याच्या वर गेली होती. मी सारखी ती मागं सरकवत होते, त्या आजींसारखी.

केंद्र आबा सांभाळत होते. वयस्कर, शांत माणूस, पूर पाहिलेला. दुपारी ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. थोडेच लाल उरले होते.

"हे पेरूच्या बागेमागचं कोण?"

"शैलाबाई."

"त्या बाई? त्या तर गेल्या की परवा." त्यांनी चष्मा वर केला. "मग ठिपका कशापायी ठेवलाय? काढा. बोटी गल्लीगल्लीत अडकल्यात, डिझेल जपून वापरायचंय."

त्यांचं म्हणणं माझंच होतं. तेव्हा तुमच्या तोंडावर फेकलेलं, तेच. मी माउस हातात घेतला.

"दहावा झालेला नाही," मी म्हणाले.

माझ्या तोंडून. आमच्या घरात कुणी ऐकलं असतं तर बघत राहिलं असतं. दहावा व्हायचाय म्हणजे दिव्याजवळ कुणीतरी बसलंय, हे आबांना मात्र सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "बरं," आणि दाराशी जाऊन हाक मारली, "महादेव, ती दोन घरं झाली की पेरूच्या बागेमागं जाऊन ये रं."

आधी जिवंतांचे ठिपके हिरवे झाले, ते मी थांबून बघितलं. मग महादेव तिकडं वळला. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. पाणी वाढत होतं, आणि तुम्ही बरोबर होतात की मी, ह्याच्याशी मला आता काही घेणं नव्हतं. तुमच्यावर रागही आला. जाताना एवढा मोठा माणूस माझ्या अंगावर टाकून गेलात, आणि तोही ताठ, न वाकणारा.

मग ठिपका हिरवा झाला. महादेवनं बोटीतूनच दाबला होता. चौकट उघडून बघितली. शैलाबाई. सुखरूप बाहेर काढलं. मी ते वाचलं आणि वर्गातल्या बाकावर डोकं ठेवून रडले, बाई. तुम्ही गेलात तेव्हा रडू आलं नव्हतं.

काय झालं ते महादेवनं नंतर वऱ्हांड्यात विजार पिळता पिळता सांगितलं. खोलीत गुडघ्याएवढं पाणी. दिवा जमिनीवरून पाटावर, पाटावरून टेबलावर गेलेला. सुभेदार खुर्चीत पाण्यात पाय सोडून, पाठ सरळ.

"मी म्हनलं, सुभेदार, चला. तर म्हंत्यात, मी बोलावलं न्हाई. मी धडधाकट हाय. ज्येला गरज हाय त्येला न्या. आता ह्या माणसाला उचलून कोण आणणार? मला काय सुचंना. मी आपला मोबाइल फुडं धरला. म्हनलं, आवं, तुमास्नी न्यायला कोण आलंय? हे बघा, नकाशात बाईंचं नाव हाय. आमी बाईंना न्यायला आलोय."

सुभेदारांनी मोबाइल हातात घेतला. चौकट वाचली. लय वेळ वाचत हुते, म्हणाला महादेव. मग उठले, फडताळातून पितळी तपेलं काढलं, त्यात दिवा ठेवला, वाऱ्याला आडोसा म्हणून छातीशी धरला आणि म्हणाले, "तिला न्यायचं आसंल तर चला."

"दिवा इझंल म्हून मी मशीन हळू ठेवलं," महादेव म्हणाला.

शाळेत एका वर्गात, फळ्याखाली दिवा ठेवला. आसऱ्याला आलेल्या बायका आपापल्या पिशव्यांतून तेल काढून देत होत्या. सुभेदार रोज सकाळी आंघोळीला जायचे, तेवढा वेळ त्याच्याजवळ बसायला कुणीतरी लागायचं. मी बसायचे. आमच्याकडं नसतं हे. वात पुढं सरकवायची कशी, तेही मला एका बाईंनी दाखवलं. तुमच्याबद्दल मी तिथं काही थोर विचार केला नाही. एकदा मनात आलं, फळ्यावर खडूनं कुणीतरी अक्षांश-रेखांश काढलेत, क्रम तुमचाच आहे, आणि मी पुसले नाहीत.

घाट पाण्याखाली होता, म्हणून दहावा रस्त्याच्या उतारावर, पाणी जिथं थांबलं होतं तिथं झाला. परत येताना सुभेदारांच्या हातात रिकामं तपेलं होतं. ते कसं धरायचं हे त्यांना कळत नव्हतं, ह्या हातातून त्या हातात घेत होते.

इथपर्यंत लिहिलं आणि जिन्यावर बूट वाजले. मला वाटलं आबा. सुभेदार होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. घर धुऊन काढलंय म्हणाले, भिंतींना ओल आहे, पण राहता येतं. चहा नको म्हणाले. स्क्रीनकडं बघत उभे राहिले, हात मागं, त्या उसाच्या दिवसासारखे.

"तिचा काढला का?"

"नाही अजून. काढते."

"मला सांगा, काढला की ती जागा मोकळी ऱ्हाती?"

"हो."

खाली पेठेत कुणीतरी पोतं आपटत होतं.

"मग माझा लावा तिथं."

बाई, मी वळून त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी शब्द परत घेतला असता. मी तुमचं नाव पुसलं. त्या जागी त्यांचं लिहिलं. घर: तळमजला, ते तसंच. स्थिती लाल केली. मग अडचणीचा रकाना आला. तिथं यादी उघडते, त्यातून निवडायचं: चालता येत नाही, ऐकू येत नाही, श्वास, दृष्टी, गरोदर, अंथरुणावर.

"अडचण काय लिहू, सुभेदार?" मी विचारलं. "तुम्हाला चालता येतं, ऐकू येतं. पोहताही येतं."

त्यांनी चष्मा लावून यादी वरून खालपर्यंत वाचली. चुकीचं काही लिहायचं नाही, असा चेहरा.

"ह्यात न्हाई," ते म्हणाले. मग हळू म्हणाले, "लिहा, घर सोडवत न्हाई."

ही अडचण आपल्या यादीत नव्हती, बाई. आज घातली.